किल्लेवाल्याची बाजू

आमच्या सरांविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून मी आजवर तीनदा बसले आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. एकदा तर पहिल्या ओळीतच. त्यांची आठवण म्हणजे न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, माझ्या डब्यातली संपलेली भाजी, आणि वर त्यांचंच मला समजावणं, "मॅडम, समोरच्याची बी काही बाजू असन ना."

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी विभागात माणसं दोनच. ते विभागप्रमुख आणि मी विभाग. कामं माझ्याकडे, मतं त्यांच्याकडे. ते घाटंजीकडून एसटीने यायचे, खांद्याला त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, भरतकाम केलेली आरशांची झोळी. झोळीत एक कादंबरी, एक स्टीलचा पेला आणि जुन्या तिकिटांची चळत. आल्या आल्या नमस्कार नाही, चमत्कार नाही. खुर्ची ओढायची आणि विचारायचं, "मॅडम, आज कोनावर चिडल्या?"

मी कोणावर तरी चिडलेली असायचेच. हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेवरून रोज स्कूटी चालवणाऱ्या बाईला तेवढा अधिकार असावा. एकदा एका ट्रकवाल्याने माझ्या नव्या साडीवर डबकंभर चिखल उडवला. मी तशीच विभागात आले आणि त्या ट्रकवाल्याचं जे काय करायचं ते तोंडाने करत होते. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो कुठून येऊन राह्यला असन? दोन रात्री झोपला नसन. डबकं त्याले दिसलं बी नसन, मॅडम."

"मी तर दिसले असेन ना?"

"तुम्ही दिसल्या असन. पन तवा त्याचं डबक्याकडं ध्यान नसन."

या माणसाशी भांडून उपयोग नव्हता, हे मला पहिल्या वर्षीच कळायला हवं होतं. मला अकरा वर्षं लागली.

देवळाबाहेरून एकदा त्यांच्या चपला गेल्या. दुसरा कोणी असता तर दोन शिव्या देऊन नव्या घेतल्या असत्या. हे माझ्या विभागात अनवाणी येऊन बसले आणि चोराची वकिली करू लागले. तो अनवाणी आला असेल, मे महिना आहे, त्यालाही पाय आहेत वगैरे. मी म्हटलं, बरं, तुमची इच्छा. संध्याकाळी मात्र मलाच म्हणाले, "बसस्टँडवर सोडा." आणि स्कूटीच्या मागे बसून सगळा रस्ताभर कण्हत होते, "बापा, काय डांबर तापलं हाय! मानसानं चपला चोराव्या कायले?" चोराची बाजू सकाळी घ्यायची आणि पाय माझ्या फूटरेस्टवर भाजायचे, असा त्यांचा न्याय होता. संत वगैरे ते मुळीच नव्हते. तसे असते तर मी एवढी वैतागले नसते.

आणि सगळ्या जगाला माफी असलेल्या या माणसाचा एक शत्रू होता. कॅन्टीनवाला. कारण तो चहात आलं घालायचा. मी कितीदा विचारलं, "सर, त्याची काय बाजू?" तर म्हणायचे, "आल्याले बाजू नसते." कॉलेजात असेपर्यंत ते त्याच्याकडे पाहून कधी हसल्याचं मला आठवत नाही.

ते शिकवायचे एकच विषय जीव ओतून. अंतिम वर्षाला इंग्रजीतल्या जुन्या भयकादंबऱ्यांचा एक पेपर होता. गॉथिक म्हणतात त्या. डोंगरमाथ्यावरचा किल्ला, भुयारं, कड्याच्या टोकावरचा बुरूज, आणि या सगळ्याचा मालक असलेला एक काळ्या काळजाचा उमराव. आमची पोरं तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, कापसाच्या शेतांमधून आलेली. बर्फ त्यांनी फ्रिजमध्ये पाहिलेला. मी हाच पेपर शिकवला असता तर पार्श्वभूमी, वैशिष्ट्यं, महत्त्वाचे प्रश्न अशा नोट्स दिल्या असत्या आणि पोरं पास झाली असती. सर म्हणायचे, नोट्स देऊन पास होते तो पेपर, गोष्ट नाही होत.

त्यांचं म्हणणं असं, की या कादंबऱ्यांतला हिरो हा सगळ्यात बिनकामाचा माणूस. "त्याले काय ठरवा लागते सांगा ना. घोड्यावरून येते, पोरगी घेऊन जाते. ठरवाचं सारं या खलनायकाले. वाईट बी त्यानंच कराचं आन झोप बी त्याचीच उडाची." प्रत्येक खलनायकाचं एक तरी पान असतं, असं ते ठामपणे सांगत. ज्या पानावर तो माणूस दिसतो, ते पान. सापडलं की त्यात एसटीचं तिकीट घालून ठेवायचे. लायब्ररीतल्या पुस्तकांतून आजही त्यांची तिकिटं पडतात आणि लायब्रेरियन मला बोलतो.

आता खरी गोष्ट. सरांचे वडील त्यांच्या तांड्याचे नायक होते. बंजाऱ्यांच्या तांड्यात भांडण झालं, की नायकासमोर बैठक बसते, तिला नसाब म्हणतात. दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निवाडा करायचा. सरांच्या वडिलांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता म्हणे. ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू त्याच्या मित्राने किंवा भावाने मांडायची नाही. ज्याला त्याचा सगळ्यात जास्त राग असेल, त्याने मांडायची. का, तर सरांच्या शब्दांत, "रागवाल्या मानसाचं ध्यान लय असते. जीव लावनाऱ्याले अर्धं दिसतच नाही."

सरांनी हा नियम उचलला आणि आमच्या वर्गात आणला. पुस्तक संपलं, की बाकं भिंतीला लागायची, पोरं गोल करून जमिनीवर बसायची आणि खलनायकाचा नसाब भरायचा. पुस्तकभर ज्या पोराने त्याला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या, त्याला उभं राहून त्याचीच बाजू सांगावी लागे. ज्या भाषेत राग येतो त्याच भाषेत बोलायचं, अशी मुभा. मग कोणी वऱ्हाडीत, कोणी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, कोणी गोंडीत बोले. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी सोडून सगळं ऐकू येई. शेजारच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असे आणि भिंतीपलीकडून हुंदके येत.

मी तक्रार करायचे. "सर, परीक्षेत हे विचारत नाहीत."

"परीक्षेले बी बाजू असते, मॅडम," ते म्हणायचे, आणि माझा डबा उघडायचे.

एका वर्षी काजल नावाची मुलगी होती. पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेच्या तांड्यावरची. बारीक, तिखट, आणि इंग्रजीची अशी भूक, की मला तिची भीती वाटायची. त्यांच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली. त्या वर्षीच्या कादंबरीतल्या उमरावाने थोरल्या भावाला दरीत ढकलून किल्ला बळकावलेला असतो, आणि भावाच्या मुलीला बुरुजात कोंडलेलं. काजलने तिसऱ्याच दिवशी पुस्तक बाकावर आपटलं. "सर, ह्याले पहिले दरीत ढकला, मंग धडा शिकवा."

झालं. वकील ठरला.

आठ दिवस तिने तयारी केली. नसाबाच्या दिवशी ओढणी नीट घेऊन ती उभी राहिली आणि गोरबोलीत बोलली. मला ती भाषा येत नाही, पण मी दारातून पाहत होते. नंतर सरांनी सांगितलं ते असं. किल्लेवाला, पोरांनी त्याला हेच नाव ठेवलं होतं, रोज जेवणाचं ताट स्वतः घेऊन बुरूज चढतो. नोकराला पाठवत नाही. ताट दाराशी ठेवतो आणि ती जेवेपर्यंत भिंतीआड उभा राहतो. आत जायची त्याला हिंमत नाही, कारण तिचे डोळे मेलेल्या भावासारखे आहेत. हे सांगताना काजलचा आवाज फाटला. सरांनी चष्मा काढून पुसला. आणि एका मुलीने मोबाइलवर तेवढंच शूट करून स्टेटसला टाकलं.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. तो तांड्यावर कसा दिसला असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्या तर यायलाच हवं होतं, तांड्यात वाढलेला माणूस!

तांड्याने काय पाहिलं? गोल बसलेली माणसं, मधोमध एक वयस्क माणूस, म्हणजे नसाब. नसाबात उभी आपली काजल. आणि ती आपल्या भाषेत रडून सांगते आहे, की ज्याने भावाला मारलं आणि पोरीला कोंडून ठेवलं, तो माणूस तेवढा वाईट नाही. कॉलेजात असं काही शिकवतात, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तांड्याला तो नसाब खराच वाटला. मग चौकशी सुरू झाली. हा किल्लेवाला कोण? कोणत्या तांड्याचा? किल्ला म्हणजे माहूरकडचा असेल, असं कोणी म्हणालं. तिकडच्या पाहुण्यांना फोन गेले. माहूरकडच्यांनी सांगितलं, आमच्याकडे असं कोणी नाही, तर संशय आणखी वाढला, की हे लपवत आहेत. आणि मुख्य प्रश्न हा, की आपली पोरगी त्याच्यासाठी रडली का? मारेगावकडे तिच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. त्या लोकांनी तोच व्हिडिओ तिच्या बापाला पाठवून एकच ओळ विचारली, हा माणूस मुलीचा कोण?

बापाने त्या दिवसापासून काजलचं कॉलेज बंद केलं. फोन काढून घेतला. परीक्षेला नऊ दिवस होते आणि तिचं हॉल तिकीट माझ्या टेबलावर पडलेलं. तिच्या मैत्रिणीने रडत रडत मला हे सगळं सांगितलं, तेव्हा मी सरळ सरांपुढे जाऊन ते हॉल तिकीट आपटलं.

"घ्या! आता याची काय बाजू?"

त्यांनी तो कागद उचलून फोटो पाहिला. मग म्हणाले, "बापाची बी काही..."

"सर, वाक्य पूर्ण केलंत तर मी राजीनामा देईन."

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटीवर बसवून तांड्यावर नेलं. रस्ता कसला, खडीच. सागाची पानं गळून गेलेली, सावली म्हणून नाही. सर मागे बसून मला वडिलांचे निवाडे सांगत होते आणि मी दात आवळून गाडी चालवत होते. मुलीचं वर्ष बुडायची वेळ आणि या गृहस्थांना किस्से सुचत होते.

देवळासमोरच्या कडुनिंबाखाली माणसं जमली. तांड्याचे म्हातारे नायक, काही बाया, आणि एका बाजूला उकिडवा बसलेला काजलचा बाप. रापलेला, हडकुळा माणूस. मी त्याला पाहिलं आणि मला त्याचा मनापासून राग आला. काजल तिच्या आईजवळ उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

बापाने पहिलाच प्रश्न केला, "हा किल्लेवाला कोन होय?"

याचं उत्तर एका वाक्यात होतं. ते मीच दिलं. "अहो दादा, तो खरा नाहीच. पुस्तकातला आहे. सगळं खोटं आहे."

तो माझ्याकडे वळला. "खोटं हाय? मंग पोरगी रडली काहून? खोट्या मानसासाठी कोन रडते, बाई?"

मी सतरा वर्षं साहित्य शिकवते आहे. हा प्रश्न आमच्या एकाही पेपरात आलेला नाही.

सर पुढे झाले आणि नायकाला हात जोडून म्हणाले, "नसाब बसवा. मी सांगतो तो कोन होय ते." मला वाटलं, याला इथेच कडुनिंबाला बांधून ठेवावं. पण नायकांनी मान हलवली आणि सगळे गोल करून बसले.

मग सरांनी गोरबोलीत ती अख्खी कादंबरी सांगितली. पहिल्या पानापासून. दीड तास. मला शब्द कळत नव्हते, पण दरी कळली, ढकलणं कळलं, बुरुजाच्या पायऱ्या कळल्या, कारण सर त्या चढून दाखवत होते. मध्ये एका म्हातारीने त्यांना थांबवून काहीतरी विचारलं. सरांनी मला वळून सांगितलं, "विचारून राह्यली, पोरीची माय कुठी गेलती?" तीनशे पानांच्या त्या कादंबरीत आईचा उल्लेखच नव्हता आणि हे आमच्यापैकी कोणालाही कधी जाणवलं नव्हतं. शेवटी किल्लेवाल्याचा निवाडाही झाला. किल्ला पोरीच्या नावाने करून द्यायचा आणि जन्मभर तिच्या दारात पाणी भरायचं. सर खूश! त्यांच्या चेहऱ्यावर मुळी असा आनंद, की आपण कशासाठी आलो होतो हे ते विसरले असावेत.

बाप मात्र विसरला नव्हता. तो म्हणाला, "समजलं. मानूस पुस्तकातला हाय. पोरीची चूक नाही. पन पोरगी येत नाही."

"काहून?" सरांनी विचारलं.

"तिकडच्या लोकायले मी हे दीड घंटा सांगत बसू काय?"

हे अगदी खरं होतं. मग सरांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले. ते काजलकडे वळले. "बेटा, तुले तुह्या बापाचा राग हाय?"

"हाय," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला.

"सगळ्यात जास्त?"

"सगळ्यात जास्त."

"मंग बाबाची बाजू तू सांग."

मी सरांचा हात धरला. हे क्रूर होतं. पण काजल उभी राहिली होती. बहुधा माझ्यासाठीच, ती वऱ्हाडीत बोलली.

"दहावीत असतानी एसटी बंद झालती, तं बाबानं मले दोन महिने गाडीवर शाळेत सोडलं. शेतातलं काम टाकून. लोकं हासत, पोरीले कलेक्टर करतो काय म्हनून. तो कोनाले काही बोलला नाही. आता तो व्हिडिओ आला, तं मले कोनीच काही विचारलं नाही. सारे बाबालेच विचारत. बजारात, लग्नात, पारावर. बाबाले तं वाचता येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घ्या लागे, लोकं त्यालेच काय काय लिवून राह्यले ते. तो दोन दिवस जेवला नाही. मले त्यानं मारलं नाही. नुसता फोन घेतला. तो मले कोंडून नाही राह्यला. त्याले भेव वाटून राह्यलं."

बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. बापाने मान खाली घातली होती आणि बोटाने मातीत रेघा ओढत होता. सरांचा चेहरा तर उजळून निघाला होता. बाजू आली होती! ते गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. वर्गात नसाब इथेच संपायचा. "झालं," ते म्हणाले. लोकही उठायला लागले.

माझा अकरा वर्षांचा संताप त्या एका शब्दावर उसळला.

"काय झालं?" मी ओरडलेच. "काय झालं, सर? त्याचं समजलं सगळ्यांना, सगळ्यांचे डोळे भरून आले, छान. आणि पोरगी? पोरगी बुरुजातच राहिली ना! तुमच्या त्या शंभर नसाबांत कधी तिची बाजू कोणी सांगितली?"

सर अर्धवट उठलेले तसेच राहिले. मी त्यांना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत त्यांच्याकडे उत्तर नसल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हातारे नायक पुन्हा खाली बसले. त्यांना पाहून बाकीचेही बसले. नायकांनी विचारलं, "बाई बरोबर बोलली. या पोरीवर राग कोनाचा हाय सगळ्यात जास्त?"

हळूहळू एकेक मान काजलच्या बापाकडे वळली.

त्याने वर पाहिलं. उठला, पुन्हा बसला. डोक्याचं फडकं सोडलं, हातात घेतलं. शेवटी उभा राहिला तो कोणाकडेच न पाहता.

"मी सकाळी बैलायले पानी पाजतो," तो म्हणाला. "तवा हे पोरगी गोठ्याच्या भिताडाकडं तोंड करून इंग्लिस बोलते. रोज. मले त्यातलं काही समजत नाही. म्या एकडाव विचारलं, कोनासंग बोलतं व? तं म्हने, परीक्षेसंग. आठ दिवस झाले, बोलत नाही. बैलं पानी पिता पिता तिकडंच पाह्यतात."

मग त्याने लोकांकडे हात जोडले.

"तिले परीक्षा देऊ द्या, बापा," तो म्हणाला. असा काकुळतीने, जणू तिला अडवणारा दुसराच कोणीतरी तिथे बसलेला होता.

मला आजवर अनेक गोष्टींनी रडू आलं असेल, पण इतकं अचानक कधी नाही. ज्या माणसाचा मी सकाळपासून राग राग करत होते, त्याने माझ्यासमोर स्वतःकडूनच आपल्या मुलीला मागून घेतलं. मी पर्समधून हॉल तिकीट काढलं आणि काजलऐवजी त्याच्याच हातात दिलं. त्याने ते उलटं धरलं आणि मुलीचा फोटो पाहून सरळ केलं.

सरांना मागे बसवून मी परत निघाले. त्यांनी आभार मानावेत, चूक कबूल करावी, निदान मला बरोबर म्हणावं, अशी माझी फार अपेक्षा होती. हायवेला लागल्यावर मागून आवाज आला, "मॅडम, नायकाच्या आधी बोलाची रीत नाही. तुम्ही मधातच बोलल्या." मी गाडी थांबवून त्यांना तिथेच उतरवायचा विचार केला. का नाही उतरवलं, मला माहीत नाही.

काजलने सगळे पेपर दिले. बाप रोज गाडीवर आणून सोडायचा आणि तीन तास गेटबाहेर बसायचा. ती सोयरीक मात्र मोडली. त्या लोकांना दीड तास कोणी सांगितलं नाही. आता ती एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. लग्नही झालं, तिने हो म्हटल्यावर.

सर त्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाले. त्या तीन वर्षांत ना त्यांनी उत्तरपत्रिका वेळेवर तपासल्या, ना कॅन्टीनवाल्याकडे पाहून हसले. तांड्यावरच्या त्या दिवसाबद्दल माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. फक्त वर्गातला नसाब लांबायला लागला. खलनायकाची बाजू सांगून झाली, पोरांचे डोळे पुसून झाले, घंटा वाजली, पोरं दप्तरं उचलू लागली, की ते हात आडवा करायचे. "थांबा रे. पोरगी अजून वरच हाय." आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, यावेळी तिच्या बाजूने, आणि सांगायचं त्याने, ज्याने तिला बावळट, रडकी, बिनकामाची म्हटलं असेल. ती बुरुजावरून खाली उतरेपर्यंत कोणाला सोडायचे नाहीत.

पुढचा तास माझा असे. हातात हजेरीपट घेऊन मी बाहेर व्हरांड्यात उभी राही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी सगळा तासच जाई. माझा अभ्यासक्रम मागे पडे, प्राचार्य मला विचारत, आणि मी मनातल्या मनात या माणसाला काय काय म्हणत असे ते इथे लिहिता येणार नाही. पण त्या तीन वर्षांत मी ते दार एकदाही वाजवलं नाही.